शेवटचं मीठ

अण्णांनी वाटी पुढे सरकवली तेव्हा ती अर्धीअधिक भरलेलीच होती. सूपवर पातळ पापुद्रा धरला होता आणि चमचा वाटीच्या कडेला नीट टेकवला होता, जेवण उरकलेला माणूस ठेवतो तसा.

"झालं?" त्यांच्या मुलीने विचारलं.

"झालं की. पोट भरलं."

"कशानं भरलं? चार चमच्यांनी?"

"या वयात चार चमचे म्हणजे मेजवानी," म्हणत अण्णा उठले आणि हात धुवायला गेले. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. शर्ट खांद्यावरून नुसता लोंबत होता. मागच्या हिवाळ्यात हाच शर्ट पोटावर ताणून बसायचा आणि अण्णा बटणांना दोष द्यायचे.

ती ओट्याशी उभीच राहिली. हल्ली तिला बसवत नसे. आपला वाडगा हातात घेऊन ती उभ्यानेच खायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची. वाडग्यात बारीक चिरलेली कोबी, किसलेलं बीट, मोड आलेली कडधान्यं आणि वर पिळलेलं लिंबू, एवढंच. जाता जाता तिने अण्णांच्या वाटीत चमचा बुडवून सूप चाखून पाहिलं. छान होतं. खरं तर मीठ जरा पुढेच गेलंय की काय, असं वाटलं. म्हणजे दोष चवीचा नव्हता. आणि चवीचा दोष तिच्या हातून होणं शक्यच नव्हतं, हे काही तिचं एकटीचं म्हणणं नव्हतं, अख्खा कारखाना तेच म्हणत असे.

कारखाना बरण्यांतल्या सूपचा. टोमॅटो, गाजर, भोपळा, कांदा, सगळं वाफेवरच्या मोठमोठ्या कढयांत रटरटत असायचं आणि भाज्या दरवेळी सारख्या येत नाहीत म्हणून शेवटचं मीठ कृतीप्रमाणे नाही, तर चाखून पडायचं. ते चाखणं तिचं काम. एक स्वच्छ पांढरी खोली, चिनी मातीच्या कपांची रांग, कोमट पाण्याचा पेला, थुंकायला भांडं. ती कपातून एक घोट घ्यायची, जिभेवर फिरवायची, थुंकायची, आणि दारातून मान बाहेर काढून सांगायची, इतकं घाला. कढयांवरचे मामा, ज्यांना मालकसुद्धा मामाच म्हणायचे, ते तेवढं घालायचे. मीठ मोजायचं यंत्र होतं, पण ते कपाटात धूळ खात पडलं होतं. तिच्या जिभेचा काटा असताना यंत्र कशाला, असं म्हणत म्हणत तिचं नावच काटाबाई पडलं होतं.

या नावाचा सगळ्यांत जास्त माज तिला नव्हता, अण्णांना होता. जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त केलेला माणूस. कोणाच्या घरी पंप उघडून बसला की ग्रीसने माखलेल्या हातांनीच सांगायचा, "माझ्या मुलीच्या जिभेवर कारखाना चालतो." तिला ही नोकरी लागली त्या आठवड्यात अण्णांनी जेवायच्या टेबलावरची मीठदाणी उचलली आणि शेजारच्या बाईंना देऊन टाकली. काट्याच्या घरात मीठदाणी म्हणजे देवळात जाऊन देवाला ओळखपत्र मागण्यासारखं आहे, असं त्यांचं मत. तेव्हापासून या घरात वरून मीठ घ्यायची पद्धत नव्हती. पाहुण्याने मागितलंच तर अण्णा त्याच्याकडे असे बघत की तो बिचारा तसंच गिळत असे.

तिचं खाणं मात्र वर्षानुवर्षं एकेक गोष्ट सोडत चाललं होतं. आधी ती कारखान्यात मटणाच्या रश्श्याच्या विभागात होती. दिवसभर हाडं उकळताना बघून बघून एके संध्याकाळी तिने घरी सांगितलं, आता हे माझ्या घशाखाली उतरणार नाही. आईने आकांडतांडव केलं. मासा काट्यापर्यंत चाटून खाणाऱ्या अण्णांनी दुसऱ्या दिवशी माशांची कढई घासूनपुसून माळ्यावर टाकली. "एका घरात दोन प्रकार कशाला," एवढंच. तसे ते होते. न सांगता मागे यायचे.

मग तिचं लग्न झालं, मोडलं, आई गेली, थोरली बहीण दुसऱ्या गावी संसारात बुडाली आणि बापलेक दोघेच राहिले. शाकाहार सुरूच होता, पण नुसता नावाचा. लोणी, चीज, तळलेलं, कारखान्यातल्या सूपचे घोटांवर घोट, तेव्हा ती थुंकायचीही नाही. सकाळी उठल्यावर बोटं सुजलेली. बोटातली आईची अंगठी निघायची नाही की फिरायची नाही. दुपारी डोकं ठणकायचं, रात्री छातीत जळजळ. पॅकिंगमधल्या एका उंच बाईने सांगितलं, महिनाभर एक वेळ कच्चं खाऊन बघ, मरत नाहीस. तिने बघितलं. मग दोन वेळा. मग दूध सुटलं. मग एके दिवशी लक्षात आलं की आपण चूल पेटवतो ती फक्त अण्णांसाठी. स्वतः कधीमधी एखादा उकडलेला बटाटा, बाकी सगळं कच्चं: फळं, पाला, भिजवलेले दाणे, मोड. मीठ कधी सुटलं ते तर तिला कळलंही नाही. काकडीला काकडीची चव असते हे तिला पंचेचाळिशी उलटल्यावर समजलं.

अण्णांनी थट्टेत कसूर ठेवली नाही. "घरात बकरी पाळलीय," असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. पण खिडकीत मोडांच्या बरण्या रांगेत लागल्या तेव्हा त्यांतलं पाणी बदलायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. पाण्याचा प्रश्न आला की त्यांना दुसऱ्याचा हात चालत नसे. बरणी तिरकी किती ठेवायची, निथळायला किती द्यायचं, सगळ्याचं शास्त्र त्यांनी काढलं.

तिची अंगठी बोटात सैल फिरू लागली. डोकं दुखायचं थांबलं. शरीर नावाचा जो कटकट्या भाडेकरू आयुष्यभर आत आदळआपट करत होता, तो गप्प झाला. आणि नेमकं तेव्हाच अण्णांचं खाणं तुटायला लागलं.

सुरुवातीला तिने मनावर घेतलं नाही. मग पातेल्यात उरायला लागलं. मग अण्णा बोलायचे कमी झाले. एकदा ती घरी आली तर त्यांनी आपली पान्यांची पेटी, जिला ते कोणाला बोट लावू देत नसत, खालच्या पहारेकऱ्याला देऊन टाकली होती. "पडून गंजतेय," म्हणाले. आठवडाभराने त्यांनी तिला बळेबळे गच्चीवर नेऊन पंपातली हवा कशी काढायची ते दाखवलं. तिला कामावर जायची घाई होती. "तुम्ही आहात ना," ती म्हणाली. अण्णा पंपाकडे बघत राहिले. "शिकून ठेव," म्हणाले.

तिच्या जिवाची घालमेल तेव्हापासून सुरू झाली. ती त्यांच्यासाठी रोज वेगळं काहीतरी शिजवू लागली. भोपळ्याचं सूप, मटारभात, वांग्याची भाजी, टोमॅटोत शिजवलेले राजमे. कारखान्यातून मिळणाऱ्या बरण्याही आणून ठेवल्या. बाहेरचं फरसाण, बिस्किटं तिने केव्हाच घरातून हद्दपार केली होती, ती आणायचा मात्र तिला धीर झाला नाही, अंगाला काय लागणार त्याने. अण्णा प्रत्येक ताटाला "छान झालंय" म्हणत आणि चार घासांत उठत.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं, दातांत बॅटरी मारली. सगळं ठीक.

"भूक लागते ना, अण्णा?" डॉक्टरांनी विचारलं.

"लागते."

"मग जेवण का जात नाही?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "मन होत नाही," म्हणाले. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे चालायचंच, आवडीचं करून घाला. ती बाहेर पडली ती पाय आपटतच. आवडीचं सोडून ती दुसरं करत काय होती?

मग बहिणीचा फोन आला. शेजारच्या बाईंनी तिला तिखटमीठ लावून सगळं कळवलेलं होतं.

"अण्णांचा नुसता सापळा झालाय म्हणे. तू त्यांना गवत घालतेस का गं?"

"ताई, मी त्यांना दोन वेळ गरम करून वाढते. माझं मी खाते, त्यांचं त्यांना देते."

"स्वतः चव घ्यायची नाही आणि दुसऱ्याला वाढायचं, असं वाढलेलं कोणी जेवतं का? रविवारी येतेय मी. अण्णांना घेऊन जाते. माझ्या हातचं खातील तर वाचतील."

फोन ठेवल्यावर ती खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत राहिली. ताईचं चुकत नव्हतं, हेच तिला झोंबत होतं. अण्णांनी जावं असं तिला वाटत नव्हतं, आणि राहून ते झिजणार असतील तर त्यांना अडवायला तोंड नव्हतं. तिने अण्णांना विचारलं, जाल का ताईकडे? अण्णा म्हणाले, "बघू रविवारपर्यंत काय होतंय ते."

शुक्रवारी सकाळी मॅनेजर मॅडमनी तिला चाखायच्या खोलीत बोलावलं. ती खोली तिची, तिथे तिला कोणी बोलावत नसे, म्हणून पहिल्यांदा तिला रागच आला. आत मामा उभे होते, मान खाली घालून. टेबलावर दोन कप.

"चाखा," मॅडम म्हणाल्या. "आणि सांगा, आपलं कोणतं."

तिने पहिला घोट घेतला. नेहमीचं, गोडसर, गाजराचा वास वर येणारं, बरोबर. थुंकली, पाणी घेतलं. दुसरा घोट जिभेवर गेला आणि तिने तोंड वेडंवाकडं केलं.

"हे कोणाचं आहे? शुद्ध समुद्र आहे. पहिलं आपलं."

"दोन्ही आपलीच," मॅडम म्हणाल्या. "पहिलं कालचं. दुसरं मागच्या वर्षीचं, माझ्या आईच्या फडताळात राहिलेली बरणी. त्या वेळीही शेवटचं मीठ तुम्हीच सांगितलं होतं."

तिला आधी ते कळलंच नाही. मग मॅडमनी सांगितलं की दुकानांतून बरण्या परत येत आहेत, लोक म्हणतात सूप नाही, भाज्या धुतलेलं पाणी आहे. सकाळी त्यांनी पॅकिंगमधल्या बायकांना, ट्रकच्या ड्रायव्हरला, हिशेबनिसाला, सगळ्यांना हे दोन कप दिले होते. एकजात सगळ्यांनी दुसऱ्या कपावर बोट ठेवलं. कपाटातलं यंत्र काढून मीठ मोजलं, तर कालच्यात मागच्या वर्षीच्या जेमतेम अर्धं.

"पण मी रोज नमुन्याशी ताडून बघते," ती म्हणाली. आवाज चढला होता.

"कोणत्या नमुन्याशी?"

मूळ नमुन्याची बरणी फ्रिज बंद पडून खराब झाली होती, त्यालाही आता बरेच महिने झाले. नवी काढायची तर मंजुरी, सह्या, भानगडी. तिनेच म्हटलं होतं, कालची बरणी ठेवत जाऊ, काल मीच तर चाखलंय. मग रोज ती आज कालशी ताडून बघायची आणि रोज तिला आज किंचित, अगदी किंचित खारट वाटायचं. चिमूटभर कमी करा मामा. दुसऱ्या दिवशी ते चिमूटभर कमी झालेलं सूप हाच नमुना. अशी ती एकेक पायरी खाली उतरत गेली होती, आणि आपण एका जागी उभे आहोत अशा खात्रीने.

"मी विचारलं होतं, काटाबाई," मामा हळूच म्हणाले. "एकदा नाही, दोनदा. तुम्ही म्हणालात, काटा मी आहे का तुम्ही."

ती म्हणाली होती. तिला आठवत होतं, हसून म्हणाली होती. आता तिचे कान तापले.

"हल्ली खाणं बदललंय का तुमचं?" मॅडमनी विचारलं. तिने सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "महिनाभर रजा घ्या. पूर्वीसारखं खा. जीभ येईल जागेवर. ते नको असेल तर पॅकिंगमध्ये जागा काढते. सोमवारी सांगा."

कारखान्याच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत तिच्या डोक्यात फक्त अपमान होता. पॅकिंग! जिथल्या बायका तिला बघून पदर सावरायच्या तिथे जाऊन झाकणं पिळायची? ती तरातरा चालत होती, समोरून येणाऱ्यांना धक्के देत. भाजीवाल्याच्या गाडीपाशी एक बाई कणसावर मीठ चोळून घेत होती. "अजून लाव रे, कंजुषी कसली करतोस," बाई म्हणाली.

ती जागच्या जागी थांबली. मागून येणारा माणूस तिच्यावर आदळला आणि दोन शब्द सुनावून गेला. तिला ऐकू आलं नाही. तिच्यासमोर अण्णांची वाटी होती, पापुद्रा धरलेली. भोपळ्याचं सूप, मटारभात, राजमे. सगळ्यात शेवटचं मीठ तिचं. कारखान्याच्या बरण्या, त्यांतही शेवटचं मीठ तिचंच. अण्णा बाहेरचं काही खात नव्हते. म्हणजे गेले कित्येक महिने या माणसाच्या तोंडात धड मीठ पडलं नव्हतं, आणि टेबलावर मीठदाणी नव्हती.

ती मागे फिरली, चाखायच्या खोलीत गेली आणि मॅडमना काही न विचारता ती जुनी बरणी उचलली. तळाशी वाटीभर सूप शिल्लक होतं. मग ती घरी पळाली. खरोखर पळाली, या वयात, हातात बरणी धरून.

अण्णा खिडकीशी मोडांच्या बरण्या निथळत होते. "आज लवकर?" म्हणाले. तिने आधी शेगडी पेटवली. सूप गरम केलं, वाटीत ओतलं, टेबलावर ठेवलं.

"आत्ता? जेवणाची वेळ कुठे आहे?"

"एक चमचा घ्या. माझ्यासाठी."

अण्णांनी बसून चमचा भरला, लहान मुलाच्या समजुतीसाठी खोटं खोटं खातात तसा तोंडाला लावला. मग ते थांबले. दुसरा चमचा घाईने गेला. तिसऱ्याला सूप हनुवटीवर सांडलं, त्यांनी पुसलं नाही. शेवटी चमचा बाजूला ठेवून त्यांनी वाटीच तोंडाला लावली आणि रिकामी करून खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"लागतंय," ते म्हणाले. "चव लागतेय आज."

ती काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. आवाज अगदी शांत होता.

"घाबरू नकोस. जाण्याआधी एखादा दिवस असा येतो म्हणतात. तुझ्या आईलाही आला होता. ताईला उद्याच ये म्हणून सांग."

"काय बोलताय तुम्ही, अण्णा?"

"तुझ्या आईची जीभ आधी गेली होती. तू कामावर असायचीस, मी भरवायचो. काहीही दिलं तरी म्हणायची, माती लागतेय. डॉक्टरांना कळलं नव्हतं, तिला कळलं होतं. मला हिवाळ्यापासून तसंच लागतंय, सगळं पाणी पाणी. म्हटलं, आलं आपलंही बोलावणं. तुला सांगून काय करणार? तू आत्ता कुठे जरा बरी दिसायला लागली होतीस."

पान्यांची पेटी, गच्चीवरचा पंप, बघू रविवारपर्यंत. सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. हा माणूस रोज तिच्यासमोर बसून मरणाची तयारी करत होता आणि प्रत्येक ताटाला छान झालंय म्हणत होता. तिने खुर्ची ओढली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसली.

"अण्णा, तुमच्या जिभेला काही झालेलं नाही. माझी बदललीय." आणि तिने सगळं सांगितलं: दोन कप, कालची बरणी, चिमूटभर, चिमूटभर. काही राखून ठेवलं नाही.

अण्णांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा आधी लाल झाला. "म्हणजे मी मरत नव्हतो?"

"नाही."

"आणि मी इतके दिवस..." ते उठले, दोन पावलं चालले, परत आले. "अगं, मी पाने देऊन बसलो त्या पहारेकऱ्याला! त्याला नट कशाला म्हणतात ते माहीत नाही! रात्र रात्र मी छताकडे बघत पडायचो, तुझं कसं होईल म्हणून. आणि कमी काय होतं, तर मीठ?"

ते ओरडत होते, घरात कित्येक महिन्यांनी इतका मोठा आवाज झाला होता. ती ऐकून घेत होती. मग तिचाही बांध फुटला.

"एकदा विचारायचं तरी होतं मला!"

"विचारलं होतं." अण्णा खाली बसले. राग ओसरला होता. "सुरुवातीलाच विचारलं होतं. म्हटलं, मीठ बरोबर आहे ना गं? तू चमचा बुडवलास, चाखलंस, म्हणालीस, बरोबर आहे. तरी मी तुझ्या कारखान्याची बरणी उघडून बघितली. तीही तशीच लागली. सगळं गाव ती खातंय, आणि तू म्हणतेस बरोबर आहे, मग चुकत कोण असणार? मीच ना."

तिची जीभ चुकेल यापेक्षा आपण मरतोय, हे त्यांना जास्त पटलं होतं. एवढा विश्वास तिच्यावर जगात दुसऱ्या कुणी ठेवला नव्हता, आणि त्यानेच त्यांचं मांस हाडांवरून उतरवलं होतं. तिला रडू आलं. अण्णांनी तिला रडू दिलं. मग त्यांनी फोन ओढून घेतला आणि थोरलीला लावला.

"रविवारी न्यायला येऊ नकोस," ते म्हणाले. "जेवायला ये." आणि पुढचं काही न ऐकता ठेवून दिला.

"आता तू परत पूर्वीसारखं खाणार का?" त्यांनी विचारलं.

तिने बोटातली अंगठी फिरवून पाहिली. खरं सांगायचं तर, फाटकापासून घरापर्यंत धावताना एकदाही तिला धाप लागली नव्हती. पुन्हा ती सूज, ती डोकेदुखी, तो आतला आदळआपट करणारा भाडेकरू, हे सगळं फक्त लोक तिला काटाबाई म्हणावेत म्हणून?

"नाही," ती म्हणाली. "मी पॅकिंगमध्ये जाईन."

अण्णांनी मान हलवली, पण लगेच नाही. पंपापंपावर जाऊन सांगायचं एक वाक्य त्यांच्याकडून गेलं होतं, आणि ते गेलेलं तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "बरं," ते म्हणाले. आणि मग जरा ओशाळून, "भूक लागलीय गं."

पातेल्यात सकाळचे राजमे होते. तिने ते गरम केले. सवयीने चमचा बुडवून तोंडाजवळ नेला, आणि तसाच अण्णांच्या हातात दिला.

"मला नाही कळायचं. तुम्ही सांगा."

अण्णा ओट्याशी आले. तो एक प्रश्न सोडला तर इतक्या वर्षांत त्यांनी या घरात मिठाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. त्यांनी चाखलं, तिच्याकडे पाहिलं, संकोचले.

"थोडं," म्हणाले.

तिने डब्यातून चिमूट घेतली, घातली, ढवळलं.

"अजून."

तिने घातलं. नुसती चिमूट पडताना बघून तिच्या जिभेने ठामपणे सांगितलं की पुरे, आता बिघडेल.

"अजून," अण्णा म्हणाले. या वेळी आवाज स्पष्ट होता.

तिने घातलं.